तळटीप १४ : मादन आयोग

१४. मादन आयोग : वैशाख शुद्ध द्वितीयेला, ७ मे १९७० रोजी, भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल उसळली, ८ मे रोजी जळगावातही भडका उडाला. जळगावात ४३ माणसे मारली गेली, त्यांपैकी ४२ मुसलमान. या दंगलींची चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने केली. मजकुरातील ‘गुलालाचा वाद’ भिवंडीचा आहे : १९६४ पासून तेथे मशिदींवरून जाणाऱ्या मिरवणुकीतील गुलाल व घोषणांवरून तेढ वाढत गेली होती. वस्तुतः मशिदींना व कुराणाला धक्का लावू नये, ही शिवाजी महाराजांची सैन्याला ताकीद त्यांचा कठोर टीकाकार खाफीखानही नोंदवतो. त्यांच्या नावाने द्वेष पेटवणे हा त्यांचाच अवमान होय. — संपा.