आगळ, शटर आणि वावधन : सानगडीच्या एका दाराची गोष्ट

हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी लिहून काढलाय, म्हणून बोलतानाची अडखळ आणि मागे भुंकणारं कुत्रं तेवढं गाळलंय. बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय, गॅरेजचं दार. हसू नका. मागच्या भागात राजे आणि लढाया झाल्या, आता ही शटरवर आली, असं कोणीतरी लिहिणारच आहे. पण शेवटपर्यंत थांबा, कारण यात पेंढारी आहेत, अमेरिकेतलं चक्रीवादळ आहे आणि माझी आजीसुद्धा आहे.

तर झालं असं. आमचं घर सानगडीला. भंडारा जिल्हा, साकोली तालुका. मी नोकरीला नागपूरला. गेल्या मे महिन्यात संध्याकाळी साडेसहाला काकाजींचा व्हिडिओ कॉल आला. आधी नुसती धूळ दिसली. मग कळलं की जे दिसतंय ते आमचं गॅरेज आहे आणि त्याच्यावर आभाळ आहे. टिना उडाल्या होत्या. सात टिनांपैकी पाच शेजारच्या बांधीत जाऊन पडल्या. वावधन आलं, जेमतेम दहा मिनिटं राहिलं आणि गेलं. काकाजी रोज दुपारी त्याच गॅरेजमध्ये खाट टाकून झोपतात. त्या दिवशी चहासाठी ते पाच मिनिटं आधी उठले, एवढंच.

काकाजींनी मला एकच प्रश्न विचारला, "बाई, तू एवढं वाचतेस, आता कोणतं शटर लावू ते सांग." त्यांना वाटत होतं की छत उडालं आणि त्यात शटरही मोडलं. मी गावी जाऊन पाहिलं तर क्रम उलटा होता. शटर आधी आत आलं होतं. मधोमध पोट सुटल्यासारखं वाकून त्याच्या पट्ट्या एका बाजूच्या खाचेतून निसटल्या होत्या. छत त्यानंतर गेलं. हे मी नंतर सांगते, कारण त्याआधी तिथं कोणतं दार होतं ते कळायला हवं.

सानगडीत एक छोटा किल्ला आहे, सहानगड. नागपूरकर भोसल्यांच्या काळातला. आज गेलात तर पडके बुरूज आणि झुडपं दिसतील. पण गावाच्या मधोमध किल्ला असणं म्हणजे काय, ते जुन्या घरांच्या दारांवरून कळतं. अठराव्या शतकाचा शेवट आणि एकोणिसाव्याची सुरुवात हा मध्य भारतात पेंढाऱ्यांचा काळ. घोड्यावरून यायचं, लुटायचं, पुढे जायचं. १८१७-१८ मध्ये इंग्रजांनी त्यांच्याविरुद्ध मोहीम काढली आणि त्याच धामधुमीत नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई होऊन नागपूरचं राज्य खिळखिळं झालं. १८५४ मध्ये ते खालसाच झालं. म्हणजे आमच्या भागातल्या माणसांनी दोन-तीन पिढ्या दार बांधताना एकच विचार केला असणार, बाहेरून माणूस येईल.

दार पाहिलं की त्याचा शत्रू कोण होता ते कळतं, असं मला वाटतं. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा आठवा. त्यावरचे ते लांब टोकदार खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर आहेत, कारण दार फोडायला हत्ती आणत. आमच्या सानगडीच्या घरावर हत्ती कोण आणणार? त्यामुळे खिळे नव्हते. पण जाड सागवानी दोन फळ्या होत्या. त्यातल्या एकीत दिंडी, म्हणजे दारातलं छोटं दार, इतकं ठेंगणं की आत येणाऱ्याला मान खाली घालावीच लागे. आत येणारा पाहुणा असेल तर नमस्कार होतो, चोर असेल तर मान आयती मिळते. आबाजी हा विनोद दर दिवाळीला करायचे.

आणि आतून आगळ. तुमच्यापैकी ज्यांचा जन्म फ्लॅटमधला, त्यांच्यासाठी सांगते. आगळ म्हणजे बंद दारामागे आडवं घालायचं जाड लाकूड. दोन्ही बाजूंच्या भिंतींत खोल भोकं ठेवलेली असत. एका भोकात आगळ पूर्ण सरकवून ठेवायची आणि रात्री ओढून दुसऱ्या भोकात घालायची. बाहेरून कितीही रेटा आला तरी तो बिजागरीवर येत नाही, आगळीवरून थेट भिंतीत जातो. आमची भिंत दीड हात जाड, मातीची. झाडीबोलीत ळ चा र होतो, त्यामुळे आजीच्या तोंडी ती "आगर". लहानपणी मला वाटायचं ती कसल्यातरी बागेबद्दल बोलतेय.

या दारातून बंडी आत यायची, धानाची पोती यायची, बैल कोठ्यात जायचे. वर कवेलू. दरवर्षी मिरगाआधी छपरावर चढून फुटके कवेलू बदलायचे आणि सरकलेले नीट बसवायचे. या कवेलूंचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाचा आहे.

आता गाडी येते. गॅरेज हा शब्द फ्रेंच. मुळात अर्थ सुरक्षित जागी ठेवणं. मोटारी आल्या तेव्हा श्रीमंतांकडे घोड्यांचे तबेले होतेच, त्यातच त्या उभ्या राहू लागल्या. दारंही तबेल्याचीच, दोन बाजूंना उघडणारी, जड, बर्फात अडकणारी. १९२१ मध्ये अमेरिकेत सी. जी. जॉन्सन नावाच्या माणसानं वर उचललं जाणारं गॅरेजचं दार काढलं आणि १९२६ मध्ये त्याला विजेची मोटर जोडली. सिनेमात बटण दाबलं की वर जाणारं दार दिसतं ते हेच.

आपल्याकडे मात्र दुसरीच वस्तू आली. शटर. लोखंडी पट्ट्या एकमेकींत अडकवून गुंडाळायच्या, ही कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या लंडनच्या दुकानांची. म्हणजे शटर हे जन्मापासून दुकानदाराचं दार. त्याचा शत्रू चोर. रस्त्यावर जागा खात नाही, एका हातानं ओढता येतं, कुलूप लागतं. बाजारपेठेत ते इतकं सोयीचं ठरलं की आपण तेच उचलून घराला लावलं. त्याचं भारतीय मानकही निघालं, आयएस ६२४८. वाईट वस्तू नाही हो. पण दुकान दोन दुकानांच्या मध्ये दाटीत असतं आणि शटर आठ-दहा फुटांचं. आमचं गॅरेज उभं आहे धानाच्या उघड्या बांध्यांकडे तोंड करून, पश्चिमेला.

आमच्या घरी हा बदल नव्वदच्या दशकात झाला. कार नव्हती, ट्रॅक्टर आला. मोठ्या चाकांचा ट्रॅक्टर जुन्या दारातून जाईना. मग भिंत तोडून दार दहा फूट रुंद केलं, वर लोखंडी गर्डर टाकला आणि शटर बसवलं. कवेलू काढून टिना टाकल्या, कारण कवेलू बसवणारे म्हातारे झाले होते आणि माकडं वाढली होती. सागवानी फळ्या जुनं लाकूड घेणाऱ्याला विकल्या. एकच उरली, दिंडीवाली. तिला पाय लावून आजीनं दिवाण केला. आजी अजून त्याच्यावर झोपते. मधे दिंडीच्या चौकटीची रेघ पाठीला लागते, पण गादी जाड करायची नाही म्हणते.

आणि भिंतीतली आगळीची भोकं सिमेंटनं बुजवली. त्या वेळी कोणालाच ती कामाची वाटली नाहीत. पेंढारी संपून पावणेदोनशे वर्षं झाली होती.

आता छत का उडालं ते सांगते. हे उत्तर जगात एका ठिकाणी फार महागात पडून सापडलंय. २४ ऑगस्ट १९९२, अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या दक्षिण टोकावर ॲण्ड्र्यू नावाचं चक्रीवादळ धडकलं. २५,००० हून जास्त घरं पूर्ण गेली. नंतर अभियंते घरोघर फिरले तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. दोन गाड्यांचं रुंद गॅरेज असलेल्या घरांत आधी ते दार आत घुसलं होतं आणि मग छत वर गेलं होतं. घरातलं सगळ्यात मोठं भोक आणि त्यावरचा सगळ्यात पातळ पडदा.

यामागचं गणित सोपं आहे. वारा छपरावरून जाताना त्याला वर ओढतो. तोपर्यंत दार बंद असेल तर छत आपल्या खिळ्यांवर धरून राहतं. पण दार मोडलं की वारा आत शिरतो आणि बाहेर जायला वाट नसते, फुगा फुगावा तसा. आता वरून ओढ आणि खालून ढकल, दोन्ही एकाच दिशेला. आपल्या वाऱ्याच्या मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, हे आकड्यांत आहे. भिंतीतली उघडी जागा ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर आतल्या दाबासाठी ०.२ हा गुणक घ्या, २० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ०.७. साडेतीन पट. आमच्या गॅरेजची समोरची भिंत चौदा फूट बाय दहा, त्यात दार दहा बाय आठ. तुम्हीच टक्के काढा.

त्याच मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिलाय, म्हणजे ताशी जवळजवळ १५८ किलोमीटर. तेवढं कशाला, ताशी ८० किलोमीटरचा झोत धरू. आमच्या दारावर साधारण सव्वादोनशे किलोचा भार. ४४ मीटरला तोच भार पावणेनऊशे किलोच्या आसपास. आणि शटरची पट्टी बाजूच्या लोखंडी खाचेत किती आत बसली होती? मी बोटं घालून पाहिलं. दोन बोटं.

जुनं घर यात वाचायचं कसं? एक तर आगळ. आणि दुसरं ते कवेलू. कवेलूंच्या फटींतून हवा सुटते. वावधनात दहा-वीस सरकतात, फुटतात, बाकीचे राहतात. टीन मात्र एक अखंड शीड. उठली की सगळीच उठते. कवेलू टाकणाऱ्यांनी हा हिशोब केला होता असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे माती होती आणि कुंभार होता. पण आम्ही बदल करताना भिंत, दार आणि छत तिन्ही एकदम बदलले आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध आहे हे कोणी पाहिलं नाही. शटरवाल्यानंही नाही. नवीन शटरचा भाव द्यायला आलेला माणूस तर म्हणाला, "मॅडम, वाऱ्यानं काही होत नसते, तुमचं नशीब खराब होतं." आजी दिवाणावरून म्हणाली, "वारा का विचारून येते?" पुढे तो फक्त काकाजींशी बोलला.

फ्लोरिडात १९९४ मध्ये नियम बदलले. दार विकण्याआधी त्याची वाऱ्याची परीक्षा. उडत्या मोडतोडीची वेगळी परीक्षा, त्यात साधारण चार किलोचं लाकूड सेकंदाला ५० फूट वेगानं मारतात. आणि जुन्या दारांसाठी सोपा उपाय निघाला. वादळाची सूचना आली की दारामागे एक खांब उभा करायचा, खाली फरशीत आणि वर तुळईत अडकवायचा. त्याचे फोटो पाहिले तेव्हा मी काकाजींना फोन करून म्हटलं, "ही तर उभी आगळ आहे."

शेवटी आम्ही काय केलं? ट्रॅक्टर आता दुसरीकडे उभा राहतो, म्हणून दोन्ही बाजूंनी विटांचे खांब घेऊन दार आठ फुटांवर आणलं. शटर पुन्हा शटरच, पण जाड पत्र्याचं. बाजूच्या खाचा खोल आणि पट्ट्यांच्या टोकांना अडकण्या, म्हणजे पोट सुटलं तरी टोक निसटत नाही. मागे काढता-घालता येणारा लोखंडी खांब. टिनांना खिळ्यांऐवजी आकडे आणि नटबोल्ट, कडेला दुप्पट. शटरवाला एकाच जागी अडला. खांबासाठी फरशीला भोक पाडायला तयार नव्हता, गाडी अडकेल म्हणे. मग भोकाला झाकण केलं.

उन्हाचा प्रश्न मात्र सुटला नाही. पश्चिमेचं लोखंडी शटर मे महिन्यात दुपारी तीनला हाताला चटका देतं आणि आतली खोली भट्टी होते. पाठीमागे फोम भरलेली दारं मिळतात, पण त्यांचा भाव ऐकून काकाजी उठून गेले. सध्या पांढरा रंग मारलाय आणि बाहेरून वाळ्याची ताटी लावतो, संध्याकाळी आभाळ काळं दिसलं की आधी ती काढायची. सागवानाच्या दारात हा त्रास नव्हता, हे आजी रोज सांगते. तेही दार पश्चिमेलाच होतं. काकाजींची खाट तूर्त ओसरीत आहे.

खांब लावायचं काम आजीनं स्वतःकडे घेतलंय. म्हणजे लावतो चुलतभाऊ, ती विचारते. वैशाखात चार वाजले, पश्चिमेला धूळ उठली, की दिवाणावरून आवाज येतो, "आगर लावली का?"