काळ्या न पडणाऱ्या फोडीची हकीकत

मधल्या सुट्टीत मुलांचे डबे उघडले की, एक दृश्य आम्हां शिक्षकांना हमखास दिसते. आईने सकाळी कौतुकाने चिरून दिलेले सफरचंद काळवंडलेले असते आणि मुलगा नाक मुरडून ते तसेच घरी परत नेतो. वास्तविक फोड नासलेली नसते. नुसता रंग बदललेला असतो. चिरलेली वांगी पाण्यात टाकणाऱ्या आणि सफरचंदाला लिंबू चोळणाऱ्या आपल्या गृहिणींना हे दुखणे जुनेच ठाऊक आहे. त्याच्या मुळाशी हात घातला गेला तो मात्र दूर कॅनडात.

ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील समरलँड येथे नील कार्टर या बागायतदाराने १९९६ साली एक छोटी कंपनी काढली. काळे न पडणारे सफरचंद करायचे, हा त्यांचा ध्यास. फळाच्या पेशीत पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचे विकर असते. पेशी शाबूत आहे तोवर ते आणि फिनॉल द्रव्ये वेगवेगळ्या खोल्यांत नांदतात. सुरी फिरली की भिंती कोसळतात, दोघांची गाठ पडते आणि प्राणवायूच्या साक्षीने फोड काळवंडते. हे विकर घडविणारी जनुके मुकी करण्याची युक्ती ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी बटाट्यावर आधीच साधली होती. तीच येथे सफरचंदावर चालविली. मौज अशी की, मुके करण्यासाठी सफरचंदाच्याच जनुकांचे तुकडे वापरले; प्रयोग कोठे साधला हे ओळखण्यापुरते जिवाणूचे एक जनुक तेवढे सोबत घालावे लागले.

पण खरी परीक्षा पुढेच होती. त्याच प्रांतातील बागायतदार विरोधात उभे राहिले. गिऱ्हाईक बिथरले तर आमचीही साधी सफरचंदे कोण घेणार, ही त्यांची भीती. पोटापाण्याचा प्रश्न होता. तिला खुळी कशी म्हणावी? अखेर २०१५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने व मार्चमध्ये कॅनडाने परवानगी दिली. २०१७ साली अमेरिकेतील काही दुकानांत या फोडींच्या पिशव्या आल्या.

हे फळ अमर मात्र नव्हे. बुरशी लागली की तेही इतरांसारखेच कुजते. डबा आता कदाचित रिकामा घरी जाईल. पण फोड केव्हा चिरली, हे रंग सांगणार नाही. ते माणसानेच प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.