क्रोमेटचा सोनेरी थर

मंडळी, विषय ऐकून काहींच्या मनात आलंच असेल की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी गंजाच्या भानगडीत कशाला पडावं? पदार्थाला न बदलता त्याची अवस्था कळू शकते का, हा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षं फळ्यावर मांडत आलो. गेल्या शतकाच्या अखेरीस काही लोकांनी तो विमानाच्या पत्र्यावर मांडला, आणि त्या पत्र्यामागे माणसांचे जीव होते.

शुद्ध अ‍ॅल्युमिनियम सहसा गंजत नाही, पण ते मऊ असतं. मजबुतीसाठी त्यात तांबं घालतात. २०२४ क्रमांकाच्या मिश्रधातूत ते साधारण ४ टक्के असतं. हे तांबं सगळीकडे सारखं पसरत नाही. काही कणांत ते एकवटतं, आणि खारट ओलावा लागला की त्या कणांभोवतीच पत्रा पोखरला जातो. यावरचा जुना उपाय म्हणजे पत्रा क्रोमेटच्या द्रावणात बुडवायचा. त्यावर पिवळसर सोनेरी थर चढतो. तो फार पातळ असतो, पण खुबी अशी की ओरखडा पडला तरी उघडी जागा आपोआप सांधली जाते. हे घडतं कसं, याची विचारपूस कारखान्यांनी फारशी केली नाही. काम होतंय ना, मग झालं!

आता क्रोमियमची दोन रूपं ध्यानात घ्या. एकाची संयुजा तीन, दुसऱ्याची सहा. तीनचं क्रोमियम आळशी. पाण्यात सहज विरघळत नाही. सहाचं चंचल, ते पाण्याबरोबर वाहतं आणि समोरच्याचे इलेक्ट्रॉन ओढून घेतं. थरात कोणतं किती, हे कळणं महत्त्वाचं होतं. पण मोजायला थर विरघळवावा, तर त्या खटपटीत सहाचं तीन होण्याची भीती.

इथे सिंक्रोट्रॉन आला. इलेक्ट्रॉन वेगाने वळताना प्रकाश टाकतात. २४ एप्रिल १९४७ रोजी अमेरिकेत स्केनेक्टडी इथे, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत, हा प्रकाश यंत्रात प्रथम डोळ्यांनी दिसला. यंत्र बांधणाऱ्यांच्या लेखी ती ऊर्जेची गळती होती. पुढे त्या गळतीसाठीच मुद्दाम यंत्रं बांधली गेली. न्यूयॉर्कजवळ ब्रुकहेवनचं त्यांतलं एक. त्यातल्या क्ष-किरणांची ऊर्जा हळूहळू वाढवत नेली की ५९८९ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास क्रोमियम एकदम किरण गिळू लागतं. आलेखात भिंत उभी राहावी तसं. सहाच्या क्रोमियमभोवती चारच ऑक्सिजन असतात, आणि त्यामुळे भिंतीच्या अलीकडे एक लहान टोकदार शिखर दिसतं. तीनच्या भोवती सहा ऑक्सिजन. तिथे शिखर जवळपास नाहीच. शिखराची उंची मोजा, प्रमाण कळलं. थर जिथल्या तिथे.

१९९३ साली केंडिग, डेव्हनपोर्ट आणि आयझॅक्स यांनी याच पद्धतीने क्रोमेट थरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे १९९८ मध्ये ओहायोतल्या संशोधकांनी थर चढवलेल्या पत्र्यासमोर कोरा पत्रा ठेवला आणि मध्ये खारं पाणी. क्रोमेट सुटून कोऱ्या पत्र्यावर जाऊन बसलं! हे पाहायला त्यांनी आपल्या रामन यांच्या परिणामाचा उपयोग केला, हेही नोंदवून ठेवू. चित्र असं जमलं : तीनचं क्रोमियम म्हणजे घराच्या भिंती, सहाचं म्हणजे कणगीतला साठा. ओरखडा पडला की साठ्यातलं क्रोमेट तिथे धावतं, इलेक्ट्रॉन घेतं, आणि स्वतः तीनचं होऊन तिथेच घट्ट बसतं.

आम्हाला अस्वस्थ करतो तो पुढचा भाग. क्रोमेटचा आकार सल्फेटसारखा असल्यामुळे आपल्या पेशी त्याला सल्फेटच्या वाटेने आत घेतात. आत ते इलेक्ट्रॉन ओढतं, तीनचं होतं, आणि या घडामोडीत डीएनएला इजा होते. म्हणजे जी क्रिया पत्रा वाचवते, तीच शरीरात कर्करोगाची वाट उघडते. गुण वेगळा आणि दोष वेगळा, असं इथे म्हणता येत नाही.

याची किंमत कॅलिफोर्नियातल्या हिंकली गावाने चुकवली. १९५२ ते १९६६ या काळात तिथल्या गॅस दाबकेंद्रात शीतकमनोरे गंजू नयेत म्हणून पाण्यात सहाचं क्रोमियम घालत. ते पाणी अस्तर नसलेल्या तळ्यांत सोडलं गेलं आणि भूजलात उतरलं. १९९६ मध्ये पीजीअँडई कंपनीने ३३ कोटी ३० लाख डॉलर देऊन दावा मिटवला. युरोपात २१ सप्टेंबर २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइड खास परवानगीशिवाय वापरता येत नाही.

आणि ‘थर जिथल्या तिथे’ म्हणालो, तेही पूर्ण खरं धरू नका. किरण फार प्रखर असले तर तेच सहाचं तीन करून टाकतात. तेव्हा किती वेळ पाहायचं, हाही प्रयोगाचाच भाग होतो. कांटच्या तासाला हे उदाहरण हाताशी असतं, तर आमचे विद्यार्थी कमी पेंगले असते.

आता तीनच्याच क्रोमियमचे थर वापरात आलेत. पण तांब्याच्या कणांवर ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, आणि त्याने थरातलं थोडं तीनचं पुन्हा सहाचं होतं, असं काही प्रयोगशाळांना आढळलं. ते किती होतं आणि किती वेळ टिकतं, यावर काम चालू आहे. किरणांनी असं शिखर शोधण्याची सोय आपल्याकडे इंदूरच्या इंडस-२ यंत्रावरही आहे.