कॉलेज सोडून एनबीएत जावं की थांबावं? निर्णय नेमका कशावर ठरतो

अमेरिकेतली कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा एप्रिलच्या सुरुवातीला संपते आणि अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा, खेळ जोरात, पदवी मात्र अजून दोन-तीन वर्षं लांब. शिक्षण अर्धवट टाकून व्यावसायिक खेळाडू व्हायचं, की आणखी एक हंगाम कॉलेजमध्ये काढायचा?

याला सरसकट उत्तर नाही. मुलगा किती चांगला खेळतो, एवढ्यावर हे ठरत नाही. संघ त्याला कितव्या क्रमांकावर निवडतील, यावर ते जास्त अवलंबून असतं.

नियम काय आहे?

एनबीएचे ३० संघ दरवर्षी जूनमध्ये नवे खेळाडू निवडतात. यालाच ड्राफ्ट म्हणतात. दोन फेऱ्या, म्हणजे जास्तीत जास्त ६० जागा. अमेरिकी खेळाडूसाठी दोन अटी आहेत. ड्राफ्टच्या वर्षात त्याला १९ वर्षं पूर्ण व्हायला हवीत आणि हायस्कूल संपून किमान एक वर्ष झालेलं हवं. २००५ च्या करारात ही अट आली. त्यामुळे एक वर्ष कॉलेजात खेळून बाहेर पडणाऱ्यांची रांग लागली.

नाव दिलं म्हणजे परतीचा रस्ता लगेच बंद होत नाही. मे महिन्यात शिकागोला निवडक खेळाडूंची चाचणी होते, तिथे संघांचे लोक त्यांना पारखतात. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत नाव मागे घेतलं तर कॉलेजात परत खेळता येतं. मुदत उलटली की साधारणपणे तो दरवाजा बंद होतो.

तिसाव्या क्रमांकाची रेघ

खरी मेख इथे आहे. पहिल्या फेरीत, म्हणजे पहिल्या ३० मध्ये निवड झाली तर करारातल्या पहिल्या दोन वर्षांच्या पगाराची हमी असते. तिसरं आणि चौथं वर्ष संघाच्या मर्जीवर. पगार क्रमांकानुसार आधीच ठरलेला असतो. २०२५ मध्ये पहिल्या क्रमांकाला पहिल्या वर्षी सुमारे १ कोटी ३८ लाख डॉलर, तर तिसाव्याला पंचवीस-तीस लाखांच्या घरात.

दुसऱ्या फेरीत अशी हमी नियमाने मिळत नाही. काहींना चांगला करार मिळतो. बऱ्याच जणांच्या वाट्याला 'टू-वे' करार येतो, म्हणजे थोडे दिवस एनबीए संघासोबत आणि बाकीचे धाकट्या जी लीगमध्ये. त्याचे वर्षाला सहा लाख डॉलरच्या थोडे वर मिळतात. तोही मिळाला नाही आणि नुसत्या जी लीगमध्ये खेळावं लागलं, तर हंगामाचा पगार चाळीस-पंचेचाळीस हजार डॉलर. तिसावा आणि पस्तिसावा यांच्या खेळात फारसा फरक नसेलही, हमीत मात्र मोठा फरक आहे.

लवकर जाणाऱ्यांची बाजू

पहिल्या दहा-पंधरात नाव पक्कं असेल तर थांबण्यात फायदा कमी आणि जोखीम जास्त. गुडघ्याची एक दुखापत सगळं पालटू शकते. शिवाय मोठा पैसा पहिल्या करारात नसतो, दुसऱ्यात असतो. जो एक वर्ष आधी जातो, तो दुसऱ्या करारापर्यंतही एक वर्ष आधी पोचतो. खेळाडूची कमाईची वर्षं मोजकीच असतात.

हा हक्क सहज मिळालेला नाही. पूर्वी हायस्कूल संपून चार वर्षं झाल्याशिवाय एनबीएत प्रवेश नव्हता. मिसिसिपीत लहानपणी कापूस वेचलेल्या स्पेन्सर हेवूडने या नियमाशी झुंज दिली. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा कौल त्याच्या बाजूने लागला आणि एनबीएला तडजोड करावी लागली. सुरुवातीला घरची आर्थिक अडचण दाखवणाऱ्यांनाच सूट होती, १९७६ मध्ये तीही अट गेली.

पुढे केविन गार्नेट (१९९५), कोबी ब्रायंट (१९९६) आणि लेब्रॉन जेम्स (२००३) हायस्कूलमधून थेट आले आणि दिग्गज झाले. पण त्याच वाटेने गेलेला कॉर्लिओन यंग १९९८ मध्ये चाळिसावा निवडला गेला आणि एनबीएत फक्त तीन सामने खेळला. २००२ मध्ये लेनी कुकने नाव दिलं, त्याला कुणीच निवडलं नाही.

थांबलेल्यांचं काय झालं?

टिम डंकन पूर्ण चार वर्षं वेक फॉरेस्ट विद्यापीठात राहिला. पदवी घेण्याचं वचन त्याने आईला दिलं होतं आणि ती तो चौदा वर्षांचा होण्याआधीच गेली होती. १९९७ मध्ये तो पहिल्याच क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे पाच वेळा एनबीए विजेता ठरला.

जोकिम नोआचा अनुभव वेगळा. २००६ मध्ये फ्लोरिडाने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, तेव्हा पहिल्या क्रमांकाच्या दावेदारांत त्याचं नाव होतं. तो थांबला, २००७ मध्ये संघ पुन्हा जिंकला, पण ड्राफ्टमध्ये तो नववा आला. त्याच्यासोबत थांबलेला अल हॉरफर्ड मात्र तिसरा निवडला गेला. एकच संघ, एकच वर्ष, निकाल वेगळे.

भारताशी जोडलेली दोन नावं

सात फूट पाच इंचांचा सिम भुल्लर पंजाबी कुटुंबातला कॅनेडियन. न्यू मेक्सिको स्टेटमध्ये दोनच हंगाम खेळून त्याने २०१४ च्या ड्राफ्टमध्ये नाव दिलं. निवड झाली नाही. जी लीगच्या आधीच्या रूपात, डी-लीगमध्ये घाम गाळून तो एप्रिल २०१५ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जकडून उतरला. एनबीएत खेळलेला भारतीय वंशाचा तो पहिला खेळाडू, पण सामने झाले तीनच.

त्याच वर्षी जूनमध्ये पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग कॉलेजात न खेळताच ५२ व्या क्रमांकावर निवडला गेला. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. एनबीएचा सामना मात्र त्याला कधीच खेळायला मिळाला नाही.

२०२१ नंतर गणित उलटलं

पूर्वी कॉलेजात थांबणं म्हणजे शिष्यवृत्तीवर भागवणं. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, जाहिरातींतून कमावण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या समझोत्यानंतर विद्यापीठं थेट पैसेही देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाला सगळ्या खेळांत मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा आहे.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०२१ मध्ये मुदतीआधी नाव देणारे ३५३ होते, २०२५ मध्ये १०६. दुसऱ्या फेरीच्या काठावरचा मुलगा आज कॉलेजातच टू-वे करारापेक्षा जास्त कमावू शकतो. मग हातचं सोडून पळत्याच्या पाठी कोण लागेल?

निर्णयाआधी काय बघावं?

एनबीएची सल्लागार समिती खेळाडू साधारण कुठे निवडला जाईल याचा गोपनीय अंदाज देते. तो आधी मागवावा. एजंट किंवा मित्रांच्या कौतुकापेक्षा हा अंदाज जास्त भरवशाचा. पहिल्या वीसात नाव असेल तर जाणं बहुतेक वेळा शहाणपणाचं. तीस-चाळीसच्या मध्ये असेल तर कॉलेज किती देतंय, पुढच्या हंगामात खेळायला किती मिळेल आणि पुढच्या ड्राफ्टमध्ये स्पर्धा किती, हे तपासावं. त्याखाली असेल तर थांबलेलं बरं.

राहिला पदवीचा प्रश्न. शकील ओनीलने ती २००० मध्ये, विन्स कार्टरने २००१ मध्ये आणि स्टीफन करीने तर कॉलेज सोडल्यावर तेरा वर्षांनी, २०२२ मध्ये पूर्ण केली. पदवी मागाहून घेता येते. ड्राफ्टची पहिली फेरी मात्र एकदा हुकली की पुन्हा मिळत नाही.