नाशकास आलेलें ब्राउनिंग

नामपूर, सटाणा, मालेगांव हा सारा मुलूख ज्या नाशिक जिल्ह्यांत मोडतो, त्या जिल्ह्याचा कलेक्टर जॅक्सन ह्याच्यावर २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशकाच्या विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे ह्यांनीं गोळ्या झाडल्या. ही हकीकत महाराष्ट्रास ठाऊक आहे. परंतु कान्हेऱ्यांच्या हातांतलें ब्राउनिंग पिस्तूल ज्या जातीचें होतें, ती जात जगांत येऊन तेव्हां उणींपुरीं दहा-बारा वर्षेंच झालीं होतीं. आज बोलावयाचें आहे तें त्या हत्याराविषयीं.

युरोपांत पिस्तुलाचा लौकिक वाढला तो द्वंद्वयुद्धाच्या आणि नेमबाजीच्या नादानें. लांब नळी आणि एकच बार. बार झाला कीं पुन्हां भरावयाचें. १८४५ च्या सुमारास पॅरिसच्या फ्लोबेर नांवाच्या कारागिरानें इतकें हलकें काडतूस काढलें कीं, हौशी लोक घरांतल्या घरांत निशाण मांडून नेम मारूं लागले. हें पिस्तूल अचूक खरें. पण खिशांत मावण्यासारखें नव्हे.

पुढें बिनधुराची दारू निघाली, आणि कारागिरांच्या मनांत आलें कीं, बार सुटतांना मागें बसणारा धक्का फुकट कां दवडावा? त्याच्याच बळावर रिकामें काडतूस बाहेर फेकून नवें आंत कां घेऊं नये? १८९३ सालीं बर्लिनच्या कारखान्यासाठीं ह्यूगो बोर्खार्टनें गुडघ्यासारख्या सांध्याचें पिस्तूल बनविलें. यंत्र उत्तम, पण भारी बोजड. लांकडी दस्ता जोडून खांद्यास टेकावें तेव्हां कुठें सोयीचें. त्याच सांध्यावर लूगरनें सुधारलेलें पिस्तूल १९०० सालीं स्विस सैन्यानें स्वीकारलें. माउझरचें १८९६ चें पिस्तूलही थोराडच. हीं सारीं शिपायाच्या कमरेचीं हत्यारें!

खिशाचें हत्यार दिलें तें अमेरिकेंतल्या यूटाच्या जॉन ब्राउनिंगनें. आणि त्याचा युरोपप्रवेश झाला सायकलीच्या निमित्तानें. बेल्जममधील लिएजजवळच्या हर्स्टल येथील शस्त्रकारखान्यानें १८९७ मध्यें सायकली कशा बनवितात तें पाहण्यास आपला माणूस अमेरिकेस धाडला. त्याची गांठ ब्राउनिंगशीं पडली व पिस्तुलाचा नमुना हर्स्टलला आला. १८९९ सालीं तें बाजारांत निघालें. मुठींत सात काडतुसें, आंखूड नळी, चपटा घाट. नेमाच्या बाबतींत पॅरिसच्या जुन्या पिस्तुलापुढें त्याचा पाड लागणार नाहीं. कोटाखालीं दडविण्यास मात्र त्याला तोड नव्हती. माझ्या मतें नाशकांत निर्णायक ठरला तो हाच गुण.

१९०९ च्या आरंभीं लंडनहून सावरकरांनीं वीस ब्राउनिंग पिस्तुलें पेटीच्या खोट्या तळांत लपवून चतुर्भुज अमीनबरोबर मुंबईस पाठविलीं. त्यांतलें एक नाशकास पोंचलें. जॅक्सनची मुंबईस बदली झालेली. ‘शारदा’ नाटकाचा तो प्रयोग निरोपाचा होता.

पिस्तूल लपलें, पण त्याचा माग लपला नाहीं. पुढें अमीननें सरकारतर्फे साक्ष दिली. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे ह्यांस १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशीं देण्यांत आलें. सावरकरांना त्याआधीं १३ मार्च रोजीं लंडनांत अटक झाली होती. आणि जॅक्सनच्या खुनास साहाय्य केल्याच्या आरोपावरून ३० जानेवारी १९११ रोजीं त्यांना दुसरी जन्मठेप सुनावण्यांत आली.