शनीनंतर रवी का?

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर जुन्या पिढीत सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्री अशी नावं भरपूर. पोर ज्या वारी जन्मलं, त्या वाराचं नाव. पण वारांचा हा क्रम आला कुठून? आकाशात ग्रह काही असे ओळीने लागत नाहीत.

ग्रीकांनी ग्रह गतीवरून लावले होते: सर्वांत मंद शनी, मग गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध आणि सर्वांत चपळ चंद्र. दिवसाच्या 24 होरा, म्हणजे तास, प्रत्येकीला एकेक ग्रह धनी. 24 ला सातने भागलं की तीन उरतात, म्हणून दुसऱ्या दिवसाची पहिली होरा चौथ्या ग्रहाकडे जाते. ज्याची पहिली होरा, त्याचा वार. शनीपासून चौथा रवी, रवीपासून चौथा चंद्र, चंद्रापासून मंगळ. बोटांवर मोजा, आठवडा पुरा होतो.

तिसऱ्या शतकातला इतिहासकार डिओ कॅसिअस आणखी एक कारण देतो, संगीताचं: ‘सा’वरून ‘म’वर जावं, तशी ही चौथ्यावरची उडी. खरा उगम होरांच्या हिशेबातच असावा. पण ग्रहांच्या फिरण्यात स्वर असतात, ही पायथागोरसपंथीयांची श्रद्धा आठवड्यालाही चिकटली होती, हे त्यातून कळतं.

ग्रीकांशी या मुलखाचा संबंधही जुना. जव्हार-मोखाडा ज्या पालघर जिल्ह्यात, तिथल्याच सोपाऱ्याचं नाव ग्रीक खगोलज्ञ टॉलेमीच्या भूगोलात आहे. त्याच टॉलेमीने ‘हार्मोनिक्स’मध्ये ग्रह आणि स्वर यांची सांगड घातली. तिकडे घाटावर, नाशिकच्या लेण्यांत, इंद्राग्निदत्त या यवनाचा, म्हणजे ग्रीकाचा, दानलेख आहे. जव्हार-मोखाड्याचे डोंगर या दोहोंच्या मधले. ग्रीक ज्योतिष ‘यवनजातक’मधून संस्कृतात उतरलं, 484च्या एरण शिलालेखात गुरुवार आला, आणि आर्यभटाने तर चौथ्या ग्रहाचा नियमच सूत्रात बसवला.

1619 मध्ये खगोलज्ञ केप्लरने ‘हार्मोनिसेस मुंडी’त टॉलेमीचा धागा पुन्हा उचलला. मात्र आता सूर्य मधोमध होता आणि चंद्र पृथ्वीभोवती फिरणारा. म्हणजे वारांची मूळ रांगच मोडली. संगीत त्याने सोडलं नाही. शनीच्या सर्वांत मंद आणि सर्वांत जलद कोनीय गतींचं प्रमाण त्याने काढलं 4:5, म्हणजे सा-ग. पृथ्वीचं 15:16, जेमतेम अर्धा स्वर. पृथ्वी मि-फा-मि गाते, आपल्या भाषेत ग-म-ग. आणि त्या अक्षरांवरूनच ओळखावं, असं तो लिहितो, की आपल्या या घरात दैन्य (लॅटिन miseria) आणि भूक (fames) नांदते.