आगीनंतरचे ७२ तास

नागपूरच्या लकडगंजात आरामशीनचा भुसा, सुकत ठेवलेल्या फळ्या आणि एकमेकांना खेटलेली गोदामे पाहिली की आगीची धास्ती वेगळी सांगावी लागत नाही. विमा कंपनी गिऱ्हाइकाशी कशी वागते, याची खरी पारख अशाच बाजारात, आग विझल्यावर होते. आपल्या कायद्याने मात्र ती पारख उशिरा मनावर घेतली. १९३८च्या विमा कायद्यात एजंटाने कमिशनातून सूट देण्यास बंदी होती, पण एकूण भर कंपनीच्या तिजोरीवर. १९५६ साली तेव्हाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विमा सरकारकडे घेतला, तोही निधीच्या गैरवापराला कंटाळून. पुढे आयुर्विमा महामंडळाचा पैसा उद्योगपती मुंदडाच्या कंपन्यांत घातल्याच्या प्रकरणात अधिकाऱ्यांची चौकशी करायला आले ते विवियन बोस, एकेकाळचे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. तिथेही प्रश्न पैसा कुठे गुंतवला हाच होता.

लाकूडबाजाराच्या दृष्टीने मोठा बदल १९६८च्या दुरुस्तीने झाला. २०,००० रुपये वा त्याहून मोठ्या दाव्याला परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल सक्तीचा ठरला. राखेच्या ढिगावरून साग किती आणि आडजात किती, हे ठरवणे सोपे नाही. खरेदीची बिले, वनखात्याचे वाहतूक परवाने, बँकेला दिलेले साठापत्रक हे सगळे जुळवावे लागते. हे शिकल्याशिवाय येत नाही. मुंबईची विमा संस्था १९५५पासून परीक्षा घेत होती, १९८०मध्ये राष्ट्रीय विमा अकादमी निघाली. एजंटांना १०० तासांचे प्रशिक्षण सक्तीचे झाले ते २०००मध्ये. २००२च्या नियमांनी आगीची खबर मिळाल्यापासून ७२ तासांत सर्व्हेअर नेमण्याची मुदत घातली.

यावर आक्षेप असा, की प्रशिक्षणाने खर्च वाढतो. १०० तासांचे पुढे ५० झालेही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: व्यापारीच हप्ता वाचवायला कमी रकमेचा विमा उतरवतो, मग कंपनीला दोष का? एक कोटीच्या मालाचा विमा ५० लाखांचा असेल आणि २० लाखांचे लाकूड जळाले, तर सरासरीच्या अटीप्रमाणे हाती १० लाखच येतात. कपात कायदेशीर आहे, हे मान्य. पण ही अट पॉलिसी विकताना समजावली होती का? नियम जाणणाऱ्या तपासनिसाला दाव्याच्या फायलीत याचे उत्तर सापडणार नाही. त्याने प्रस्तावाचा अर्ज काढावा आणि पाहावे, की मालाच्या किमतीचा आकडा कोणाच्या हस्ताक्षरात आहे.